जीएसटी २२ लाख कोटी की साडेदहा लाख कोटी? आणि हे आकडे सभागृहात कोण तपासतं?

मूळ प्रश्न लांबलचक होता, थोडक्यात सांगतो. कळव्यातल्या एका सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण लागलंय. बातमी आली की २०२४-२५ मध्ये जीएसटी २२ लाख कोटींच्या वर जमा झाला. ग्रुपमधल्या एका काकांनी केंद्राच्या बजेटची पीडीएफ उघडून दाखवली, तिथे त्याच वर्षापुढे जीएसटी १०.६२ लाख कोटी. मग "उरलेले साडेअकरा लाख कोटी कुणी खाल्ले" पासून सुरू होऊन "खासदार काय नुसती बाकं वाजवायला जातात का" इथपर्यंत गाडी गेली. प्रश्नकर्त्याला विचारायचंय की यातला खरा आकडा कोणता, आणि संसद हे तपासते का सगळं रामभरोसे.

मी राज्याच्या वित्त व लेखा सेवेत २९ वर्षं काढली, आता निवृत्त होऊन ऐरोलीत असतो. ऑडिट पॅऱ्यांना (म्हणजे हिशेब तपासणाऱ्यांनी लेखी नोंदवलेल्या आक्षेपांना) उत्तरं लिहिणं, पुरवणी मागण्यांची टिपणं करणं, लोकलेखा समितीपुढे (सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी आमदारांची समिती) साहेबांची साक्ष लागली की मागच्या खुर्चीवर बसून चिठ्ठ्या पुढे सरकवणं, हे सगळं केलंय. म्हणजे विधिमंडळाची समिती मी आतून पाहिलीय, संसदेची बाहेरून. साचा जवळपास एकच आहे, पण हा फरक लक्षात ठेवून वाचा.

आधी काकांचे साडेअकरा लाख कोटी शोधून देतो कारण ते सगळ्यात सोपं. २२.०८ लाख कोटी हा देशभर गोळा झालेल्या जीएसटीचा ढोबळ आकडा, त्यात केंद्राचा सीजीएसटी, राज्यांचा एसजीएसटी, आंतरराज्य व्यवहार आणि आयातीवरचा आयजीएसटी आणि भरपाई उपकर (जीएसटीमुळे राज्यांचं बुडालेलं उत्पन्न भरून द्यायला लावलेला जादा कर) असे चारही आले, आणि तेही परतावे वजा करायच्या आधीचे. तुम्ही नौपाड्यातल्या दुकानातून मिक्सर घेतलात तर बिलावर १८ टक्के लागले, त्यातले ९ केंद्राचे आणि ९ महाराष्ट्राचे. ते महाराष्ट्राचे ९ केंद्राच्या बजेटात येतीलच कशाला, ते आपल्या राज्याच्या बजेटात आहेत, तिथे उघडा आणि बघा. तोच मिक्सर व्यापाऱ्याने गुजरातहून मागवला तर आयजीएसटी लागतो, आणि त्यातला राज्याचा वाटा नंतर सेटलमेंट होऊन राज्याकडे येतो. केंद्राच्या बजेटात राहतो तो केंद्राचा हिस्सा आणि उपकर, म्हणजे साधारण निम्मं. शिवाय १०.६२ हा सुधारित अंदाज आहे, १ फेब्रुवारी २०२५ ला छापलेला, वर्ष संपायला दोन महिने बाकी असताना. २२.०८ आला मार्च संपल्यावर. कुणी काही खाल्लेलं नाही, निदान या वजाबाकीत तरी नाही.

पण खरा प्रश्न हा नाहीये. सरकारी आकडा एकटा कधीच नसतो, त्याच्या मागे एक गल्ला असतो आणि एक तारीख असते, आणि ती दोन्ही बातमीत गळतात. मी कुठलाही आकडा बघितला की तीन गोष्टी विचारतो: गल्ला कुणाचा, ढोबळ की निव्वळ, आणि कोणत्या टप्प्याचा. सभागृहाची तपासणी म्हणजे सुद्धा हेच तीन प्रश्न, फक्त अधिकाराने विचारलेले.

ढोबळ-निव्वळचं अजून एक उदाहरण देतो, कारण यावर दर फेब्रुवारीत भांडणं होतात. २०२५-२६ च्या केंद्राच्या अंदाजात एकूण कर ४२.७० लाख कोटी आणि केंद्राला निव्वळ २८.३७ लाख कोटी. मधली जी तफावत, त्यातला जवळजवळ सगळा म्हणजे १४.२२ लाख कोटी हा राज्यांचा वाटा. पंधराव्या वित्त आयोगाने वाटणीयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना ठरवले होते आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के. आता १४.२२ ला ४२.७० ने भागून बघा, ४१ येत नाही, ३३ च्या आसपास येतं. मग कुणीतरी ओरडतं की केंद्राने राज्यांचे पैसे मारले. तर उपकर आणि अधिभार वाटणीत धरतच नाहीत, आणि वसुलीचा खर्चही आधी बाजूला काढतात, म्हणून टक्का खाली दिसतो. हे बरोबर आहे की चूक हा राजकीय वाद, तो खुशाल घाला, पण आकडा लपवलेला नाही, मांडलेला आहे.

आता टप्पा. बजेटच्या पुस्तकात चार स्तंभ असतात. दोन वर्षांपूर्वीचे प्रत्यक्ष, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. टीव्हीवर सगळी चर्चा होते ती चौथ्या स्तंभावर, म्हणजे ज्यातला एक रुपयाही अजून खर्च झालेला नाही त्यावर. आणि पहिला स्तंभ, जिथे खरोखर काय झालं ते लिहिलेलं असतं, तो कुणी वाचत नाही कारण तोवर ते वर्ष शिळं झालेलं असतं.

अन्न अनुदान घ्या. २०२०-२१ चा अंदाज होता १.१६ लाख कोटी. सुधारित अंदाजात झाला ४.२३ लाख कोटी. प्रत्यक्ष निघाले ५.४१ लाख कोटी. एकच वर्ष, एकच बाब, तीन आकडे आणि तीनही "खरे". कोविडमध्ये मोफत धान्य वाटलं हे एक कारण झालंच. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे: आधीची काही वर्षं केंद्र सरकार अन्न महामंडळाला त्याच्या बिलापेक्षा कमी अनुदान द्यायचं आणि उरलेल्यासाठी महामंडळ राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज उचलायचं. कर्ज महामंडळाच्या नावावर, म्हणजे सरकारची तूट कमी दिसणार. उधारी आपल्या घराची पण किराणावाल्याच्या वहीत नाव मेव्हण्याचं, तसला प्रकार. कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या घटनात्मक यंत्रणेने, राजकोषीय कायद्याच्या (सरकारची तूट आवरायचा कायदा) पालनावरच्या अहवालात यावर आधीच बोट ठेवलेलं होतं. २०२०-२१ मध्ये सरकारने ते कर्ज फेडून टाकलं आणि एका वर्षात आकडा असा उसळला. आता त्या वर्षाचा आकडा बघून कुणी म्हणालं की गरिबांवर पाचपट खर्च केला तर तेही अर्धसत्य, आणि आधीच्या वर्षांची तूट बघून कुणी म्हणालं किती शिस्त, तर तेही अर्धसत्यच.

बरं, आता खासदार-आमदार काय करतात ते. कागदावर अधिकार जबरदस्त आहेत. राज्यघटनेचं कलम २६५ म्हणतं कायद्याशिवाय कर नाही. ११२ आणि ११३ नुसार केंद्राला, २०२ आणि २०३ नुसार राज्याला, खर्चाच्या मागण्या सभागृहापुढे ठेवाव्याच लागतात, आणि विनियोजन विधेयक (पैसे काढायची परवानगी देणारा कायदा) झाल्याशिवाय संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, दमडी काढता येत नाही. कपात प्रस्ताव मांडता येतो, धोरण पटत नसेल तर मागणी १ रुपयावर आणा, एखादी तक्रार मांडायची असेल तर १०० रुपयांची कपात सुचवा. पण बहुमताचं सरकार असताना कपात प्रस्ताव मंजूर होणं म्हणजे सरकार पडणं, त्यामुळे ते मांडले जातात चर्चेसाठी. आणि चर्चेलाही वेळ कुठे असतो, लोकसभेत मोजक्या चार-पाच मंत्रालयांवर बोलणं होतं आणि ठरलेल्या दिवशी संध्याकाळी उरलेल्या सगळ्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. २०१८ आणि २०२३ मध्ये तर गोंधळात सगळंच्या सगळं असंच गेलं, एकाही मंत्रालयाच्या मागणीवर धड चर्चा नाही. तेव्हा तुमच्या ग्रुपवरचा बाकं वाजवण्याचा टोमणा या टप्प्यापुरता मी मान्य करतो.

वर्षाच्या मध्ये येतात पुरवणी मागण्या. याबद्दल माझं मत जरा कडक आहे. पुरवणी ही अचानक आलेल्या खर्चासाठी असते, पूर आला, कोर्टाचा आदेश आला, नवी योजना आली. आपल्या राज्यात २८ जून २०२४ ला बजेट मांडलं आणि त्याच अधिवेशनात, पंधरवडा व्हायच्या आत, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. लाडकी बहीण योजना बजेटच्या भाषणात जाहीर झाली होती आणि तिचा मोठा पैसा आला पुरवणीत. बेकायदा काही नाही, सभागृहाने मंजूर केलं. पण आमदाराने बजेटवर मत बनवायचं ते कोणत्या आकड्यावर, हा प्रश्न उरतोच ना. आणि कॅगच्या राज्य वित्तव्यवस्थेच्या अहवालांत जवळपास दरवर्षी एक वाक्य असतं, ते वाचून मला अजून हसू येतं: अमुक मागणीत पुरवणी घेतली आणि वर्षाअखेर मूळ तरतूदसुद्धा संपली नव्हती. म्हणजे ताटातलं संपलं नसताना वाढून घेतलं आणि मग ३१ मार्चला निधी समर्पित केला, म्हणजे न वापरता परत केला. मीही अशी टिपणं लिहिलीत, खोटं कशाला बोलू. वरून फोन यायचा की जास्तीच धरा, नंतर मिळेल न मिळेल.

खरी तपासणी होते ती वर्ष संपल्यावर, आणि बंद दाराआड. केंद्रात लोकलेखा समितीचे २२ सदस्य, १५ लोकसभेचे ७ राज्यसभेचे, मंत्री असेल तर सदस्य होता येत नाही. समिती १९२१ पासूनची आहे, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा करायचा असा पायंडा पडला, पहिले मिनू मसानी. कॅगचा अहवाल कलम १५१ खाली सभागृहात ठेवला की तो या समितीकडे जातो. तिथे कॅमेरा नसतो, म्हणून की काय पण सदस्य पक्ष बाजूला ठेवून प्रश्न विचारतात, हे मी विधिमंडळाच्या समितीत डोळ्यांनी बघितलंय. सत्ताधारी आमदारसुद्धा सचिवांना घाम फोडतात.

एक प्रसंग सांगतो, खातं आणि कार्यालय सांगत नाही. यंत्रसामग्रीसाठी ६२ लाख मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मंजूर झाले. निविदा झालेली नाही, पुरवठादार ठरलेला नाही, पण ३१ ला पैसे उचलले नाहीत तर ते बुडणार. तर बिल करून कोषागारातून रक्कम काढली, डिमांड ड्राफ्ट बनवला आणि तो खाकी पाकिटात घालून गोदरेजच्या कपाटात ठेवून दिला. लेख्यात नोंद काय, तर खर्च झाला. मासिक ताळमेळात महालेखाकारांशी (राज्याचे लेखे ठेवणारं कॅगचं कार्यालय) आकडा पैसा-न्-पैसा जुळला, वरिष्ठांनी शाबासकी दिली. ऑडिट पार्टी आली तेव्हा त्यातल्या एका बाईंनी बाकी काही न बघता आधी यंत्राची साठा नोंदवही मागितली. नोंद नाही. मग कॅशबुक. मग शांतपणे म्हणाल्या, "कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" पाकीट निघालं, ड्राफ्टची मुदत दोनदा वाढवून घेतलेली होती, मागे शिक्के.

हा पॅरा अहवालात यायला दोन वर्षं गेली. समितीपुढे साक्ष लागायला आणखी चार. तोवर तो अधिकारी निवृत्त, कारकून बदलून तिसरीकडे, आणि मी, जो त्या कार्यालयात कधी नव्हतोच, उत्तराची फाईल घेऊन विधान भवनात. सचिव सांगत होते निधी पूर्ण खर्ची पडला. एक आमदार, ग्रामीण भागातले, त्यांनी फाईल बंद केली आणि विचारलं, "३१ मार्चला खर्च झाला म्हणता, मग १ एप्रिलला यंत्र कुठल्या खोलीत होतं?" एवढंच. सचिवांनी मागे माझ्याकडे बघितलं आणि माझ्याकडे त्या प्रश्नाची चिठ्ठी नव्हती.

तर "खर्च" या शब्दाचा सरकारी अर्थ कोषागारातून पैसा बाहेर पडला एवढाच आहे. तो तिजोरीतून निघून खात्यात पडून असू शकतो, महामंडळाकडे पार्क केलेला असू शकतो, वैयक्तिक ठेव लेख्यात (अधिकाऱ्याच्या पदनावाने कोषागारात उघडलेलं खातं) बसलेला असू शकतो. म्हणूनच पैसा ठरलेल्या कामाला लागला असं सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र मागतात, आणि ती प्रलंबित किती हे कॅग दरवर्षी छापतं.

कराच्या बाजूलाही असंच होतं. २०१८-१९ च्या केंद्राच्या लेख्यांवर कॅगने लिहिलं की पहिल्या दोन वर्षांत जीएसटी भरपाई उपकराचे ४७,२७२ कोटी त्या ठरलेल्या निधीत न टाकता संचित निधीतच राहिले. अर्थ मंत्रालयाचं म्हणणं, हिशेब जुळवायला वेळ लागतो, पैसे पळवलेले नाहीत, राज्यांना नंतर दिले. दोन्ही बाजू वाचा. माझ्या दृष्टीने मुद्दा हा की बजेटच्या भाषणातून हे कुणालाच कळलं नसतं, हे कळलं ते लेखे तपासले म्हणून.

समितीच्या मर्यादाही सांगतो. शिफारस बंधनकारक नसते. शिफारशीवर काय केलं याचा कृती अहवाल सरकारने सहा महिन्यांत द्यायचा असतो आणि कॅगच्या शेकडो परिच्छेदांपैकी समिती मोजकेच तोंडी साक्षीला घेते, बाकीच्यांवर लेखी उत्तरं येतात आणि पडून राहतात. उशीर तर वर सांगितलाच. तरीपण, कुणी मला विचारलं की खात्यात भीती कशाची असायची, मंत्र्याची की समितीची, तर मी समितीच म्हणेन. मंत्री बदलतो, पॅरा तसाच राहतो.

तर आतापर्यंतचं एवढं: आधीची तपासणी घाईत होते, मधली पुरवणीच्या वेळी तोंडदेखली, आणि नंतरची चांगली होते पण शिळी. आता तुम्ही काय करू शकता, तर ते कोणत्या सरकारच्या पैशाबद्दल विचारताय त्यावर आहे.

महापालिकेचा पैसा असेल तर संसद-विधिमंडळ विसरा, तिथे स्थायी समिती आणि महासभा. ठाण्यात २०२२ पासून आणि नवी मुंबईत २०२० पासून काही वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, म्हणजे आयुक्तांनी बजेट मांडायचं आणि त्याच आयुक्तांनी प्रशासक म्हणून मंजूर करायचं. ज्याने भाजी केली त्यानेच चव सांगायची. आणि ठाणे-बोरिवली बोगद्यासारखं काम असेल तर ते एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), तिचं बजेट वेगळं, कर्ज वेगळं. राज्याच्या बजेटात ते संपूर्ण दिसणार नाही, दिसली तर सरकारची हमी दिसेल. अशा वेळी आमदाराने बजेटच्या चर्चेत कितीही आरडाओरडा केला तरी तो पैसा त्या पुस्तकात नसतोच. टोलचंही तसंच बघा. ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली, वाशी, मुलुंड नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला, आमच्यासारख्यांची चांदी झाली, पण माफी म्हणजे फुकट नव्हे. कंत्राट चालू असेल तर भरपाई कुठल्यातरी लेखाशीर्षात येणार, आज ना उद्या, आणि ती शोधायची तर पुस्तक उघडावं लागतं.

पुस्तक वाचायची किल्ली म्हणजे लेखाशीर्षाचे पहिले चार आकडे. ० किंवा १ ने सुरू झालं तर महसुली जमा, २ किंवा ३ तर महसुली खर्च, ४ किंवा ५ भांडवली, ६ किंवा ७ कर्ज, ८ लोकलेखा (भविष्यनिर्वाह निधीसारखा, सरकारकडे सांभाळायला असलेला पैसा, वरच्या समितीशी संबंध नाही). ००३० मुद्रांक आणि नोंदणी, ००३९ दारूवरचं उत्पादन शुल्क, २२०२ शिक्षण, २२१० आरोग्य, ३०५४ रस्त्यांची देखभाल, ५०५४ नवे रस्ते, २०४९ व्याज. हे क्रमांक केंद्र आणि सगळ्या राज्यांना सारखेच, त्यामुळे एकदा सवय लागली की कुठलंही पुस्तक वाचता येतं. मी नवीन मुलांना सांगायचो की रस्त्याला पैसे दिले असं मंत्री म्हणाले तर आधी विचारा ३०५४ का ५०५४, कारण खड्डे बुजवणं आणि नवा रस्ता बांधणं यात फरक आहे आणि भाषणात तो दिसत नाही.

मग एकच शीर्ष धरा. सगळं बजेट वाचायच्या भानगडीत पडू नका, आम्हालाही जमायचं नाही. समजा तुम्हाला आरोग्याचं बघायचंय, तर २२१० घ्या, एका वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज त्या वर्षीच्या पुस्तकातून, सुधारित अंदाज पुढच्या वर्षीच्या पुस्तकातून आणि प्रत्यक्ष त्याच्याही पुढच्या पुस्तकातून. तीन पीडीएफ, एक कागद. नंतर विनियोजन लेख्यात (मंजूर किती आणि खर्च किती याचा वर्षाअखेरचा हिशेब) तेच शीर्ष काढा, तिथे बचत का झाली याचं कारण खात्याने स्वतः लिहिलेलं असतं, आणि "कारणे कळविण्यात आली नाहीत" असं लिहिलेलं असेल तर समजा तुम्हाला आमदाराकडे न्यायला प्रश्न मिळाला. चालू वर्षाचं हवं असेल तर राज्यासाठी बीम्स या सरकारी बजेट प्रणालीच्या साइटवर विभागवार तरतूद आणि खर्च दिसतो, केंद्रासाठी महालेखा नियंत्रक दर महिन्याचे लेखे टाकतात, फक्त ते हंगामी असतात. सभागृहातल्या लेखी उत्तरातला आकडा वापरणार असाल तर उत्तराची तारीख आधी बघा, सप्टेंबरच्या उत्तरातला खर्च आणि मार्चचा खर्च वेगळाच असणार.

काकांना एवढं कळवा की त्यांची पीडीएफ बरोबर होती आणि बातमीही बरोबर होती. आणि तुम्ही असा कागद केलात, तीन पुस्तकांचा, तर इथेच फोटो टाका, मी बघेन. फक्त प्रत्येक आकड्यापुढे कोणत्या वर्षाचं पुस्तक आणि कोणता स्तंभ ते लिहा, नाहीतर माझा पहिला प्रश्न तोच असणार आहे.